आठ बोअर, पाणी दोनांना. नववं मारायचं का?

बांधावरचा (शनिवार, रात्री १०.२०)

दादाचा परवा फोन आला. नववं बोअर मारायचंय, निम्मे पैसे तू घाल. नेहमीसारखं 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि मग झोप लागेना. उठून हिशेब मांडला, तो इथं टाकतोय. शेतीतले, खडकातले आणि पैशातले जाणकार इथं आहेत. चुकत असेल तिथं कान धरा.

गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. नाव देत नाही, निम्मं गाव आता मोबाईलवर असतं. आमची सामाईक बारा एकर. वडिलांनी १९८६ साली विहीर खोदली, सात परस. (नव्या पोरांसाठी: परस म्हणजे पुरुषभर खोली, सहा फुटांच्या आसपास.) त्या विहिरीवर ज्वारी-गहू, थोडं माळवं आणि घरातली तीन लग्नं निघाली. मग मोसंबी आली. मोसंबी आल्यावर विहीर पुरेना.

पहिलं बोअर २००३ ला, १८० फूट. पाणी लागलं, सहा वर्षं चाललं. दुसरं २००९ ला, ३०० फूट, नुसता फुफाटा. तिसरं आणि चौथं २०१२ च्या दुष्काळात एकाच आठवड्यात. तिसरं ४०० फूट, कोरडं. चौथं ५५० फूट, दीड इंच पाणी, ते दोन उन्हाळे पुरलं. बागेला त्याचा उपयोग झाला नाही, कारण झाडं तोवर गेली होती. २०१३ च्या उन्हाळ्यात चार एकर मोसंबी तोडून सरपणाला विकली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपलीच झाडं भरताना दादा एक शब्द बोलला नव्हता. २०१७ ला पुन्हा लावली. त्या आगेमागे आणखी चार भोकं पाडली, शेवटचं २०२३ ला, ७०० फूट. चारही कोरडी.

बोअर, केसिंग, मोटरी, केबल, पाईप, दोनदा मोटर आत अडकली ती काढायला आणलेली क्रेन, सगळं धरून सात लाख दहा हजार. जुने रुपये, व्याज न धरता. सोसायटीचं व्याज धरलं तर आकडा बघवत नाही.

आता मला न उमगलेली गोष्ट. जमिनीखालचं पाणी फुकट. आमची मोटर पाच एचपीची, म्हणजे २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना जी मोफत वीज आली त्यात बसते, बिल शून्य. पाणी फुकट, वीज फुकट, मग सात लाख गेले कशाला?

दुसरी गोष्ट शेजारच्या आबांची (वडिलांचे चुलत भाऊ). त्यांनी २००८ ला आमच्या बांधालगत साडेतीनशे फूट मारलं आणि पुढच्या वर्षी आमचं पहिलं आटलं. आबा म्हणतात पाऊस कमी झाला. राग धरावा तर आमच्या चौथ्यानं त्यांच्या विहिरीचा तळ उघडा पाडला, तेव्हा आम्हीही पावसावरच ढकललं होतं.

तर प्रश्न: नववं मारावं का? आणि विजेला मीटर बसून पैसे पडायला लागले तर हे सगळं थांबेल का? आमच्या हाफिसातला एक जण छातीठोकपणे थांबेल म्हणतो.

---

कोथिंबीर (शनिवार, रात्री १०.४१)

वाचतेय, सविस्तर नंतर. तूर्त एवढंच की पैसे पाठवू नका.

---

तिरपागडा (शनिवार, रात्री ११.०५)

पाणाड्याला विचारलं का? आमच्याकडचा नारळ तळहातावर आडवा धरून चालतो, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. आठातली दोन लागली म्हणजे त्याचा स्ट्राइक रेट पंचवीस टक्के. काही फलंदाज एवढ्यावर संघात टिकून आहेत. (हलकेच घ्या.)

---

मांजऱ्या (रविवार, सकाळी ७.१५)

भूजलाच्या सरकारी कामात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. माझा आयडी ज्या खडकावरून घेतलाय त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

राज्याची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन बेसाल्टवर आहे. लाव्ह्याचे थरावर थर. थराच्या वरच्या भागात वाफेच्या पोकळ्या असतात, त्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या. हा मांजऱ्या. तो झिजला, भेगाळला की पाणी धरतो. त्याच्या खाली ठणठणीत काळा पाषाण, त्याला भेग असेल तरच पाणी. मुरूम आणि मांजऱ्या मिळून जे साठवतात ते बहुतेक पहिल्या साठ-सत्तर फुटांत, म्हणजे तुमच्या वडिलांच्या विहिरीच्या आवाक्यात किंवा थोडं खाली. पाचशे फुटांवर जे लागतं ते एखाद्या भेगेत वर्षानुवर्षं साचलेलं असतं. दोन उन्हाळ्यांत उपसलं की भेग रिकामी. तुमच्या चौथ्याचं नेमकं हेच झालं. ते पाणी नव्हतं हो, शिल्लक होती.

आता पाटीवरचं गणित. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. पाऊस ६०० मिलीमीटर धरू. आपल्या खडकात त्यातला साधारण दहावा हिस्सा खाली मुरतो, ६० मिलीमीटर. म्हणजे एकरी वर्षाला अडीच लाख लिटरच्या आतबाहेर, नेमकं सांगायचं तर २ लाख ४३ हजार. पाच एचपीची मोटर तासाला पंधरा हजार लिटर फेकते असं धरलं तर आठ तासांत एक लाख वीस हजार. एका एकरात वर्षभर मुरलेलं पाणी दोन दिवसांच्या मोटरीत संपतं.

हे वाक्य मी बैठकांमध्ये म्हणायचो तेव्हा शांतता पसरायची आणि मग कुणीतरी चहा सांगायचं.

आणखी एक. हा खडक आपल्या आकारमानाच्या दोनेक टक्के एवढंच पाणी सोडतो. म्हणजे एकरभर रानातली पातळी एक मीटर खाली नेली तर हाती येतात ऐंशी हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या आठ खेपा. पंजाबच्या गाळात याच्या कैक पट निघतं. म्हणून तिकडचं भूजल बँकेतल्या ठेवीसारखं, पिढ्यानपिढ्या मोडता येतं. आपलं म्हणजे महिन्याचा पगार. पहिल्या आठवड्यात उडवला तर तीस तारखेपर्यंत कुणाचं तोंड बघायचं ते आधी ठरवावं.

नववं बोअर याच पगारावर काढलेलं आणखी एक एटीएम कार्ड आहे.

---

कोथिंबीर (रविवार, सकाळी ७.५०)

काका, एटीएम कार्ड! __/\__

---

अर्थपूर्ण (रविवार, सकाळी ११.३०)

शिकवतो अर्थशास्त्र, म्हणून तुमच्या हाफिसातल्या मित्राची बाजू मांडतो. मग तीच खोडतो.

बाजू अशी. देशात वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसलं जातं, त्यातलं ८७ टक्के शेतीला. जगात एवढं कुणीच उपसत नाही. आपल्याकडे शेतीपंपांना मीटर जाऊन एचपीवर आकारणी आली तो क्षण महत्त्वाचा. त्यानंतर एक तास चालवा नाहीतर दहा तास, बिल तेच. पुढच्या प्रत्येक लिटरची किंमत शून्य. शून्य भावाला कुणीही हात आखडत नाही. त्यात बांधावरचा यांनी सांगितलेला शेजाऱ्याचा प्रकार: मी न उपसलेलं पाणी माझ्यासाठी राहणार नसून आबांच्या बोअरमध्ये जाणार असेल, तर काटकसर म्हणजे आबांना दिलेलं दान. उपाय काय? पाण्याला नसेल तर विजेला भाव लावा. राज्याच्या मोफत वीज योजनेचा खर्च वर्षाला १४,७६० कोटी सांगितला गेला, तोही वाचेल.

आता खोडतो. एक लाख लिटर पाणी उपसायला साधारण तीस युनिट लागतात. युनिटला पाच रुपये धरा, दीडशे रुपये. मे महिन्यात ज्याची मोसंबी वाळतेय तो दीडशे रुपयांसाठी मोटर बंद करेल? दीड हजार झाले तरी करणार नाही. तो टँकरनं पाणी घालतो, त्याचा भाव याच्या कितीतरी पट. म्हणजे ज्या भावानं उपसा खरोखर घटेल तो भाव कुठलंही सरकार लावू शकणार नाही, आणि जो लावता येईल त्यानं उपसा घटणार नाही. मीटरचे इतर फायदे आहेत, वीजगळती कळते वगैरे, पण दुष्काळी उन्हाळ्यात मीटर बोअर थांबवत नाही.

एक गंमत. १९८० मध्ये गिसर आणि सांचेझ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी न्यू मेक्सिकोतल्या पेकोस खोऱ्याचं गणित करून दाखवलं की भूजलाचं नियंत्रण केलं काय नि ज्याला त्याला उपसू दिलं काय, फायद्यात फारसा फरक पडत नाही. अभ्यासकांमध्ये खळबळ माजली. पण त्यांच्या गणितात साठा प्रचंड होता, बशीसारखा पसरलेला, एकाचा परिणाम सगळ्यांवर थोडा थोडा. मांजऱ्या काकांचा खडक याच्या बरोब्बर उलट आहे. साठा इवलासा, परिणाम शेजाऱ्यावर आणि पुढच्याच हंगामात. इथं न ठरवण्याची किंमत मोठी आहे. सात लाख दहा हजार, तुमच्या एका घरची.

पैसे कशाला गेले या प्रश्नाचं माझं उत्तर: आपल्याकडे पाण्याला भाव नाही, भोकाला आहे.

---

रात्रीची_लाईट (रविवार, दुपारी १.४०)

अर्थपूर्ण सर, शेवट पटला, सुरुवातीवर बोलतो. मी परतूरकडचा, दहा एकर, पूर्णवेळ शेतकरी.

फुकट वीज म्हणता, ती येते कधी ते विचारा. आठ तास. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री अडीचला थंडीत दारं धरायला जाऊन दाखवावं कुणीही, पायाखाली साप का पाईप ते कळत नाही. म्हणून प्रत्येक स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप चालू, गेली की बंद. मी घरी झोपलेलो. वाफा भरून पाणी बांधावरून वाहतं का, कुणी बघत नाही. ही उधळपट्टी कबूल. पण तिचं कारण फुकट नाही, बेभरवसा आहे. आज भरून घेतलं नाही तर उद्या डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळालेला असंल. डीपी जळला की वर्गणी आमची, हेलपाटे आमचे.

सौरपंपाचंही सांगतो. दहा टक्के भरून मिळाला. दिवसा पाणी, झोप मिळाली, देव भलं करो. पण सूर्य फुकट म्हटल्यावर शेजारी दिवसभर चालवतो. सकाळी नऊला सुरू झालेली मोटर पाचला बंद. काकांच्या हिशेबानं रोज अर्ध्या एकराचा वर्षाचा पगार.

---

वऱ्हाडी_ठेचा (रविवार, दुपारी ३.१०)

काय सांगू राजेहो, आठ भोकं म्हंजे तुम्ही सुरुवातच केली. आमच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत फिरून पाहा, झाडाले झाड तसं बोअरले बोअर. हजार फुटाच्या खाली गेलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. तालुका केव्हाचा अतिशोषित यादीत, म्हंजे मुरते त्याहून जास्त उपसा. यादीत गेल्यावर नवीन विहिरीले योजनेतून अनुदान भेटणं बंद झालं, बोअरची गाडी बंद नाही झाली. म्हंजे ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची अडचण नाही, अनुदानावर विहीर खोदणारा गरीब तेवढा अडकला.

त्या गाड्या तामिळनाडूतल्या, तिरुचेंगोडच्या. पोरं महिनोन्महिने घरी जात नाहीत. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे रोख. या सगळ्या धंद्यात नफा कोणाचा नक्की आहे ते समजून घ्या.

---

सातबारा_उतारा (रविवार, रात्री ८.२५)

कायद्याचं थोडं. मुळात हे पाणी कुणाचं? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं मालकाला आपल्या जमिनीखालचं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी हवं तसं घ्यायचा हक्क मानला. सातबारा ज्याचा पाणी त्याचं, हे तिथून आलं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही, हेही तिथूनच.

राज्यानं १९९३ ला पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा कायदा केला. मग २००९ चा भूजल अधिनियम, जो लागू व्हायला २०१४ उजाडलं. त्यात ६० मीटर, म्हणजे २०० फुटांखालची विहीर 'खोल' धरली आणि अधिसूचित, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या क्षेत्रात तिला मनाई केली. बांधावरचा यांची पहिली सोडली तर बाकी सगळी २०० च्या पलीकडची! कायदा कागदावर चांगला आहे. पण रात्री नऊला आलेली गाडी पहाटे निघून जाते. भोकावर झाकण ठेवलं की झालं, कोण मोजणार?

म्हणून मला कायम सासवडकडची पाणी पंचायत आठवते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्यातले इंजिनिअर-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदरमधल्या नायगावात देवस्थानची माळरान जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन बसले. त्यांनी पाणी जमिनीवरून सोडवलं आणि माणसांना लावलं. डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. अर्थशास्त्राच्या भाषेत ही हक्कांची नवी वाटणी झाली, तीही त्या काळात, एका नापीक टेकाडावर.

---

अर्थपूर्ण (रविवार, रात्री ९.१०)

ऊस बंद हे त्यातलं कळीचं. काकांच्या पाटीवरच पुढे लिहितो. उसाला वर्षाला दोनेक हजार मिलीमीटर पाणी लागतं. पावसाचे ६०० वजा करा, राहिले १,४००, म्हणजे एकरी ५६ लाख लिटर. एका एकरात मुरतात अडीच लाख. म्हणजे एक एकर ऊस तेवीस एकरांचा पाऊस पितो. ठिबकनं हा आकडा कमी होतो, पण ठिबक बसवलेल्या माणसाला एक विचारा: वाचलेलं पाणी विहिरीत ठेवलंस का अर्धा एकर वाढवलास?

---

रात्रीची_लाईट (रविवार, रात्री ९.२२)

अर्धा नाही, पाऊण वाढवला. :)

पण सर, उसाला भाव ठरलेला असतो. कारखाना येऊन तोडून नेतो. वाळलेली मोसंबी कोण नेतो?

---

अर्थपूर्ण (रविवार, रात्री ९.३०)

निरुत्तर. खात्रीचं गिऱ्हाईक हेच उसाचं खरं अनुदान, वीज नव्हे.

---

कोथिंबीर (सोमवार, सकाळी १०.१५)

शेततळ्याबद्दल कुणी का बोलत नाही? आमच्या माहेरी नाशिककडे प्रत्येक द्राक्षबागेत एक. नाव 'पाणी साठवा'. पण वाहून जाणारं पावसाचं पाणी त्यात क्वचित येतं. पावसाळ्यात आणि नंतर विहिरी-बोअरमधलं पाणी उपसून वर प्लास्टिकच्या कागदावर आणून ठेवायचं, कारण खाली ठेवलं तर शेजारी ओढणार. खाली सगळ्यांचं होतं ते वर आणलं की माझं. वर तापून उडतं ते वेगळंच. भावाला म्हटलं, हे सार्वजनिक पाण्याला घातलेलं कुंपण आहे. तो म्हणाला, ताई, एप्रिलमध्ये बाग तू वाचवणार का?

---

फ्रेस्नोकर (सोमवार, सायंकाळी ६.५०, इकडे पहाट)

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात राहतो, बदामांच्या मधोमध. इकडे मेंडोटा गावाजवळ काढलेला एक जुना फोटो प्रसिद्ध आहे. विजेच्या खांबाशेजारी एक माणूस उभा आहे आणि खांबावर उंच १९२५ ची पाटी, मधे १९५५, पायाशी १९७७. बावन्न वर्षांत उपशामुळे जमीनच नऊ मीटर खचली. तुमचा खडक रिकामा झाला तर पावसात पुन्हा भरतो. इकडचा चिकणमातीचा गाळ एकदा आवळला की ती जागा कायमची गेली.

गंमत म्हणजे एवढं होऊनही राज्यभराला लागू असा भूजल कायदा व्हायला २०१४ साल लागलं, आणि तोही सांगतो की समतोल २०४० च्या आसपास आणा. वीज इकडे फुकट नाही, मीटरवर आहे. तरी उपसा झालाच. अर्थपूर्ण यांच्या दीडशे रुपयांच्या मुद्द्याला पुष्टी.

पण याच राज्यात उलटं उदाहरणही आहे. लॉस एंजेलिसजवळ वेस्ट बेसिन नावाचं भूजलाचं खोरं. किनाऱ्यालगत उपसा एवढा झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं. उपसणाऱ्यांनी एकमेकांवर दावे लावले, पण कोर्टात भांडता भांडता कुणाचा किती उपसा ते मोजलं, प्रत्येकानं काही टक्के कपात मान्य केली आणि किनाऱ्यावर गोडं पाणी जमिनीत सोडून भिंत उभी केली. त्याचा खर्च उपशाच्या प्रमाणात. हे सगळं जवळून पाहून एका विद्यार्थिनीनं १९६५ साली पीएचडीचा प्रबंध लिहिला. एलिनॉर ऑस्ट्रम. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल. सामाईक मालमत्तेची नासाडी अटळ नसते, हे त्या जन्मभर सांगत राहिल्या, त्याची सुरुवात अशा पंपवाल्यांच्या भांडणातून झाली.

---

लुधियान्याहून (सोमवार, रात्री ८.३०)

नोकरीनिमित्त पंजाबात बारा वर्षं. इकडे शेतीला वीज १९९७ पासून फुकट, मधे थोडा खंड. मीटर लावायची हिंमत कुणी केली नाही. मग २००९ ला एक वेगळाच कायदा आला: १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. बस्स. मे महिन्याच्या होरपळीत उभ्या पाण्यात भात ठेवणं बंद झालं. पाणी मोजायला कुणी गेलं नाही, तारीख तेवढी पाळायला लावली. कुणी लवकर लावला तर हिरवं शेत रस्त्यावरून दिसतं, लपवणार कसं?

अर्थात फुकट काही नसतं. कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस कमी उरले, म्हणून काड जाळायची घाई वाढली असं इथले जाणकार म्हणतात. दिल्लीकरांचा खोकला तो असा.

---

मांजऱ्या (सोमवार, रात्री ९.४५)

लुधियान्याहून, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. जमिनीखालचं दिसत नाही, पीक दिसतं. नियम दिसणाऱ्या गोष्टीवर करावा.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं तेच केलं. पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले. पाणलोटाची कामं बऱ्याच गावांनी केली, त्यातली कित्येक पुन्हा टँकरवर आली. कारण मुरलेलं पाणी पुढच्या वर्षी बोअरनं ओढलं. हिवऱ्यानं पिकांसाठी बोअर बंद केलं, ऊस-केळी बंद केली आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. आधी माणसं, मग जनावरं, उरेल त्यात रब्बीला काय आणि किती. अर्थात तिथं पोपटराव होते, प्रत्येक गावात नसतात. मी खात्यात असताना पातळीच्या नोंदी करून आलेख काढायचो, फाईल कपाटात जायची. ज्याच्या विहिरीत फीत सोडली त्याला आकडा सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे आज लिहून टाकतो. पुढे अटल भूजल योजनेत जालन्यासह तेरा जिल्ह्यांत गावानं स्वतः मोजायचं असं आलं, ते बरं झालं.

बांधावरचा, गाव राहू द्या. तुमच्या मांजऱ्याच्या त्या एका थरावर कितीजण आहात? चार, पाच, फार तर सात विहिरी. त्यांचा ताळेबंद मांडा. आता कार्तिक आहे, वेळ गेलेली नाही. आंबे बहाराचा ताण (हिवाळाअखेर फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं) अजून द्यायचाय ना?

---

तिरपागडा (सोमवार, रात्री १०.००)

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पाणाड्याला निवृत्त करतो.

---

बांधावरचा (पुढच्या रविवारी, रात्री ९.३०)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण गावी गेलो होतो.

दादाला धागा वाचून दाखवला. एटीएम कार्डावर हसला नाही, सातबारा_उताराच्या झाकणावर मात्र हसला. वहिनीनं नायलॉनचा दोर काढला, फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला वरवंट्याचा तुकडा बांधला आणि आम्ही आमची, आबांची आणि आणखी तिघांची अशा पाच विहिरी मोजल्या. पाण्याची पातळी पाचांत तीन-चार फुटांच्या फरकानं एकच. वरच्या विहिरीची मोटर रात्रभर चालवली तर सकाळी आमच्यात दोन गाठी उघड्या. काका, एकच थर आहे, यात आता वाद नाही. माझ्या जन्मापासून भांडणारी पाच घरं एकाच भांड्यातून जेवतायत.

पाच जणांचं मिळून साठ एकर. काकांच्या हिशेबानं मुरलेलं पाणी सुमारे १४५ लाख लिटर, त्यातलं काही ओढ्याला जाणारच. खर्चाची बाजू: मोसंबी पाचांची मिळून आठ एकर. एकरी एकशेदहा झाडं, उन्हाळ्यात झाडाला रोज १२० लिटर, फेब्रुवारी ते मे १२० दिवस, एकरी सोळा लाखांच्या जवळ. आठ एकरांचे १२७ लाख. आणि आबांचा दीड एकर ऊस, ८४ लाख. बेरीज दोनशे अकरा. पिण्याचं, जनावरांचं, गव्हाचं अजून धरलंच नाही. दादानं आकडा बघून पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे भोक पाडून यातलं काही बदलत नाही."

नववं बोअर रद्द. पैशातून ऑटो काढून टाकून मोबाईलवर चालणारा स्टार्टर घेतला. दादानं चारपैकी अडीच एकराचा आंबे बहार सोडून मृग (पावसाच्या सुरुवातीचा बहार) धरायचं ठरवलंय. म्हणजे ऐन उन्हाळ्यात त्या झाडांना जगण्यापुरतंच पाणी. मृगाच्या फळाला भाव कसा मिळेल, पाऊस वेळेवर येईल का, ही जोखीम आमची. बाकी दोघांनी अर्धा अर्धा एकर सोडतो म्हटलंय, तिसरा बघू म्हणाला. लेखी काही नाही.

बैठक आमच्या ओसरीवर झाली. आबा आले नाहीत. ऊस कारखान्याला नोंदवलाय, आता काय बोलायचं, असा निरोप धाडला. रात्रीची_लाईट, तुमची आठवण झाली.

आज निघताना वहिनी सांगत होती, काल संध्याकाळी आबांचा नातू गाठींचा दोर मागून घेऊन गेला. आबांच्या विहिरीत बादली पडलीय म्हणे.